पाचगणीचा पाद्री आणि वाळवलेल्या झाडांचं दप्तर : फादर ब्लॅटर यांची गोष्ट

पाचगणी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं येतं काय? स्ट्रॉबेरी, बोर्डिंगच्या शाळा, टेबललँडवरचे घोडे आणि शनिवार-रविवारी पसरणीच्या घाटात लागलेली गाड्यांची रांग. पण याच पाचगणीत शंभरएक वर्षांपूर्वी एक गोरा पाद्री राहायचा. चर्चचं काम उरकलं की तो गवतात शिरायचा. आज ज्याला गवत, पिसारी, तण म्हणून आपण विळा लावतो, त्यातली एकेक काडी त्यानं तपासली, वाळवली, कागदावर चिकटवली आणि तिचं नाव, गाव, तारीख लिहून ठेवली. फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे त्याचं नाव. वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकांत देशोदेशी हे नाव सापडतं. वाई-जावळीच्या पट्ट्यात मात्र दहा जणांना विचारलं तर एकालाही सांगता येणार नाही.

यांची आठवण आत्ताच काढायला कारण आहे. गावोगावी औषधी झाडपाल्याचा धंदा वाढलाय. मोबाईलवर रोज एक व्हिडिओ येतो, अमुक पाला खा, तमुक मुळी उगाळा. पण झाड नेमकं कोणतं, यावरच एकमत नसतं. ब्राह्मीचंच घ्या. कुणी पाणथळ जागेतल्या जाड्या बारक्या पानांच्या वेलीला ब्राह्मी म्हणतो, कुणी गोल कातरलेल्या पानांच्या वेलीला. दोन्ही वेगळ्या वनस्पती, कुळंही वेगळी. शंखपुष्पी म्हणून तर तीन-चार निरनिराळी झाडं विकली जातात. पाषाणभेदाचं तेच. नावावरून भांडण लागलं तर निकाल द्यायला साक्षीदार कोण? तो साक्षीदार तयार करण्यात ब्लॅटर यांचा जन्म गेला.

ते मूळचे स्वित्झर्लंडचे. अपेन्झेल नावाचा डोंगराळ मुलूख आहे, गुरं आणि चीज यासाठी प्रसिद्ध, तिथं १५ डिसेंबर १८७७ रोजी त्यांचा जन्म झाला. म्हणजे डोंगर आणि कुरण हे त्यांना नवीन नव्हतं. तरुणपणी ते येशू संघात, म्हणजे जेझुइट पाद्र्यांच्या संघात दाखल झाले. आता गंमत बघा, त्यांच्या स्वतःच्या देशात या संघावर तेव्हा कायद्यानं बंदी होती. ती बंदी उठली थेट १९७३ साली. त्यामुळं या मार्गाला लागलेल्या माणसाला देश सोडावाच लागायचा. ब्लॅटर यांनी तो सोडला, आणि १९०३ साली ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवायला येऊन दाखल झाले. वय पंचवीस.

त्या वेळची अडचण समजून घ्या. मुंबई इलाख्यातल्या झाडांवर एक मोठा ग्रंथ तेव्हा निघत होता, थिओडोर कुक नावाच्या साहेबाचा. कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते, पण ग्रंथ लिहिला तो निवृत्त होऊन इंग्लंडात गेल्यावर, क्यू इथल्या बागेत बसून. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागानं बाहेर पडला. कारण असं की आपल्याकडच्या झाडांचे जुने नमुने मोठ्या संख्येनं तिकडंच पडून होते. सह्याद्रीत उगवलेल्या झाडाची ओळख पटवायला विलायतेला जायचं! साताऱ्याच्या जमिनीची मोजणी लंडनला व्हावी तसला प्रकार. मुंबईतल्या पोराला आपल्याच डोंगरातलं झाड शिकायचं तर हाताशी काही नाही.

म्हणून १९०६ साली झेवियर्समध्ये वनस्पतींच्या वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह सुरू झाला. इंग्रजीत याला हर्बेरियम म्हणतात. मराठीत वनस्पतीसंग्रह म्हणा, मी तर झाडांचं दप्तर म्हणतो. तलाठ्याच्या दप्तरात जसा गटवार उतारा असतो, तसा इथं झाडवार कागद असतो.

एक कागद कसा तयार होतो

हे नीट सांगतो, कारण ऐकून वाटतं की पोरं वहीत पिंपळपान ठेवतात तसलंच काहीतरी असेल. तसं नाही.

पहिलं म्हणजे झाड निवडायचं. नुसतं पान तोडून चालत नाही. फूल पाहिजे, जमलं तर फळ पाहिजे, आणि गवत किंवा लहान रोप असेल तर मुळासकट पाहिजे. ओळख पटते ती फुला-फळावरून, पानं तर शेकडो झाडांची सारखी दिसतात. उपटल्याबरोबर तिथंच, त्या जागी, वहीत टिपण करायचं: गाव कोणतं, डोंगराच्या कुठल्या अंगाला, जमीन मुरमाड का काळी, फुलाचा रंग काय. रंगाची नोंद महत्त्वाची, कारण वाळल्यावर निळं फूलही तपकिरी होतं. मग शोषणाऱ्या कागदात पसरून दाबायचं. पानं एकावर एक चढता कामा नयेत, एखादं पान उलटं ठेवायचं म्हणजे मागची बाजूही दिसते. वरून फळ्या, त्यावर पट्ट्यानं आवळणी. आणि दुसऱ्या दिवशी सगळे कागद बदलायचे. तिसऱ्या दिवशी परत. ओल राहिली की बुरशी, आणि बुरशी आली की मेहनत पाण्यात.

आता हे काम आपल्या पावसाळ्यात करून बघा! महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला जुलैत कपडे वाळत नाहीत, मीठ भांड्यात पाणी सोडतं, तिथं झाड वाळवायचं. आणि सह्याद्रीतली बहुतेक बारकी फुलझाडं येतात तीच नेमकी जून ते ऑक्टोबरात. थांबून चालत नाही. ज्यानं पावसात कडबा झाकलाय, त्यालाच यातली कसरत कळेल.

वाळल्यावर रोपटं जाड कागदावर टाके घालून किंवा डिंकानं बसवतात. कागद सगळीकडं साधारण एकाच मापाचा, अंदाजे दीड फूट लांब आणि फुटाला थोडा कमी रुंद. कीड लागू नये म्हणून त्या काळी पाऱ्याचं विषारी द्रावण लावत, त्यामुळं जुन्या कागदांना हात लावताना आजही सांभाळावं लागतं. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी: शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. झालं, या झाडाचा सातबारा तयार. शंभर वर्षांनी कुणी म्हणालं की हे झाड इथं कधी नव्हतंच, तर कागद काढून दाखवता येतो. एखादं झाड पहिल्यांदाच शास्त्राला कळलं असेल तर ज्या नमुन्यावरून त्याचं वर्णन झालं तो कागद कायमचा मूळ पुरावा ठरतो. मग नावाचा वाद जगात कुठंही उठू दे, निवाडा त्या कागदावर होतो.

हे एकट्या ब्लॅटर यांचं काम नव्हतं, आणि मला त्यातली हीच गोष्ट जास्त आवडते. कॉलेजची पोरं सुट्टीत गावी गेली की नमुने आणायची. सोबतचे पाद्री आणायचे. सरकारी अधिकारीही होते. सेजविक नावाचे एक आयसीएस साहेब धारवाड-कारवार भागात नोकरीला असताना झाडं गोळा करत, त्यांचा संग्रह पुढं झेवियर्सकडेच आला. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं पाठबळ होतं. ब्लॅटर पुढं तिचे उपाध्यक्ष झाले आणि त्यांचे बरेचसे लेख सोसायटीच्या नियतकालिकात आले. पाचगणीच्या वनस्पतींवरचा त्यांचा लेख तर १९०९ सालचा आहे.

एक गोष्ट मात्र खटकते, ती लिहितोच. त्या काळच्या चिठ्ठ्यांवर नाव असतं ते संग्राहकाचं. डोंगरात वाट दाखवणारा, हे फूल अमुक ओढ्याला येतं म्हणून सांगणारा जो धनगर, कातकरी किंवा कोळी असेल, त्याचं नाव सहसा कुठं येत नाही. हे एकट्या ब्लॅटर यांच्या संग्रहाचं नाही, सगळीकडची रीतच तशी होती. पण माहिती ज्याची त्याचं नाव राहिलं नाही, हे खरंच आहे.

लढाई, कॉलेज आणि परत डोंगर

१९०९ साली धर्मशास्त्राचं उरलेलं शिक्षण पुरं करायला ब्लॅटर युरोपात गेले. परत आले ते १९१५ साली, आणि इकडं सगळं उलटंपालटं झालेलं. पहिलं महायुद्ध पेटलं होतं. झेवियर्स कॉलेज चालवणारे बहुतेक पाद्री जर्मन. इंग्रज सरकारनं त्यांना शत्रूदेशाची माणसं ठरवलं, खंडाळा, अहमदनगर अशा ठिकाणी अडकवून ठेवलं आणि नंतर बहुतेकांना देशाबाहेर काढलं. वर्गात शिकवायला माणूस राहिना. ब्लॅटर स्विस, म्हणजे तटस्थ देशाचे, म्हणून ते वाचले. ज्या देशानं त्यांच्या संघाला थारा दिला नव्हता त्याच देशाच्या कागदपत्रांनी त्यांना इथं राहू दिलं, असा हा योग.

अशा ओढाताणीत दुसरा कुणी असता तर संग्रहाला कुलूप लावून बसला असता. यांनी १९१७ साली हॅलबर्ग नावाच्या सहकाऱ्याला घेऊन थेट जोधपूर-जैसलमेरचं वाळवंट गाठलं. तिथल्या झाडाझुडपांवरची त्यांची लेखमाला पुढची तीन-चार वर्षं छापून येत होती. सिंधू नदीच्या मुखाकडचा प्रदेश, कच्छ, एडन, अरबस्तान, काश्मीर अशी त्यांच्या कामाची यादी बरीच लांब आहे, सगळी देत बसत नाही. १९१९ ते १९२४ ते कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. सह्याद्रीतल्या नेच्यांवरचं पुस्तक त्यांनी डी'आल्मेडा यांच्याबरोबर १९२२ साली काढलं. ताडामाडांवरचा मोठा ग्रंथ १९२६ सालचा: नारळ, सुपारी, शिंदी, भेरली माड सगळं त्यात. बांबूला फुलोरा कधी येतो, किती वर्षांनी येतो, याच्या जुन्या नोंदी जमवून त्यांनी लिहिलं. ज्यांच्या बांधाला बांबू आहे त्यांना यातलं मोल वेगळं सांगायला नको, कारण फुलोरा आला की अख्खं बेट वाळतं.

प्रिन्सिपॉलपद सुटल्यावर, तब्येतही साथ देईना, तेव्हा ते पाचगणीला आले. तिथल्या चर्चचे पाद्री म्हणून राहिले. मोठ्या कॉलेजचा मुख्य माणूस डोंगरातल्या लहान गावात येऊन पडला, असं कुणाला वाटेल. माझ्या मते मात्र त्यांना पाहिजे ती जागा मिळाली होती. चर्चच्या दारातून बाहेर पडलं की चार हजार फुटांच्या वरचं सपाट पठार, खाली कृष्णेचं खोरं, एका बाजूला कोरड होत जाणारा पूर्वभाग आणि दुसऱ्या बाजूला महाबळेश्वरचं दाट जंगल. एवढ्याशा अंतरात पाऊस निम्म्याहून कमी होतो आणि त्याप्रमाणं झाडं बदलतात. पठारावर जांभ्या दगडाचा पातळ थर, माती वीतभरही नाही. अशा जागी पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होणारी जी बारकी झाडं असतात, ती दुसरीकडं कुठं मिळत नाहीत. कासला जे बघायला लोक तिकीट काढून जातात, ते हेच.

इथं त्यांच्या जोडीला आले चार्ल्स मॅकॅन. हे १८९९ साली कॅसलरॉकला जन्मलेले, म्हणजे गोव्याच्या वेशीवरच्या रेल्वे स्टेशनात. बीएनएचएसमध्ये कामाला होते. या दोघांनी मिळून कुक यांच्या ग्रंथाची दुरुस्ती हाती घेतली. लंडनला बसून लिहिलेलं आता डोंगरात उभं राहून तपासायचं. कंदीलपुष्पाच्या कुळातली एक वनस्पती त्यांनी १९३१ साली वर्णन केली आणि तिला नाव दिलं सेरोपेजिया पांचगणिएन्सिस. आपल्या गावाचं नाव लॅटिनात जाऊन बसलं! पुढच्या अभ्यासकांनी तिची मांडणी वेगळी केली, ते चालतंच. पण कंदिलासारखं फूल असलेल्या या वेलींचे कंद आपल्याकडची गुराखी पोरं उकरून खायची, त्या कुळातल्या काही जाती आता फार थोड्या जागी उरल्यात. तेव्हाचा कागद म्हणजे ती इथं होती याची लेखी साक्ष.

गवताचं पुस्तक

माझ्यासारख्या जनावरं पाळणाऱ्याला विचाराल तर ब्लॅटर यांचं सगळ्यात मोठं काम गवताचं. फुलाच्या मागं सगळे जातात. गवताकडं कोण बघतो? आणि ओळखायला ते फार अवघड. सगळं हिरवं, सगळं सारखं. मारवेल, पवना, शेडा, कुंदा, कुसळी, हरळी ही आपण तोंडानं घेतो ती नावं, आणि तीसुद्धा तालुका बदलला की बदलतात. शास्त्रात निवाडा होतो तो कणसाच्या बारीक रचनेवर. दाण्यावरची टरफलं किती, कुसळ वाकडं का सरळ, देठाला लव आहे का नाही. भिंग घेतल्याशिवाय दिसत नाही.

यात पोटाचा प्रश्न आहे. मारवेल आणि पवना जनावर आवडीनं खातं, दुधाला बरं. कुसळी कोवळी असेतोवर चालते, पण कुसळं धरली की तीच मेंढीच्या लोकरीत रुततात, कातड्यात शिरतात, जनावराच्या तोंडात जखमा करतात. कुरणात यातलं काय किती आहे हे कळल्याशिवाय कुरण सुधारणार कसं? पुण्याच्या कृषी खात्यातले भिडे यांनीही त्या काळात गवतांवर चांगलं काम केलं होतं. गवताच्या एका प्रजातीला भिडेया असं नावच त्यांच्यावरून पडलंय. ब्लॅटर आणि मॅकॅन यांनी या सगळ्याला धरून मुंबई इलाख्यातल्या गवतांचा एक ग्रंथ तयार केला. वर्णनं, चित्रं, ओळखण्याच्या किल्ल्या, कुठं सापडतं ते गावांच्या नावानिशी.

तो ग्रंथ छापून आलेला ब्लॅटर यांनी पाहिला नाही. १९३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीनं त्यांना ब्रूल स्मृतिपदक दिलं, ते मिळवणारे ते पहिलेच. त्यानंतर दोनच वर्षांनी, २६ मे १९३४ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय छप्पन्न. गवताचं पुस्तक १९३५ साली शेतीसंशोधनाच्या सरकारी परिषदेनं प्रसिद्ध केलं. बहावा, पांगारा असल्या देखण्या झाडांवर मिलार्ड यांच्या जोडीनं चाललेली लेखमाला पुस्तकरूपात आली १९३७ साली. कुक यांच्या ग्रंथाची दुरुस्ती त्यांच्या हातून पूर्ण झाली नाही.

माणूस गेला की असे संग्रह बहुतेकदा उंदराच्या आणि कसरीच्या ताब्यात जातात. इथं तसं झालं नाही. स्पेनहून आलेल्या फादर सांतापाव यांनी १९४० च्या सुमारास कारभार हाती घेतला, कपाटं लावली, नमुने तपासले, भर घातली. १९४१ साली संग्रहाला ब्लॅटर यांचं नाव दिलं. सांतापाव यांनी खंडाळा आणि पुरंदरच्या वनस्पतींवर पुस्तकं लिहिली, पुढं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले, पद्मश्री झाले, १९७० साली गेले. त्यांच्याविषयी कधीतरी स्वतंत्र लिहावं लागेल. मॅकॅन न्यूझीलंडला गेले आणि तिकडंही झाडा-प्राण्यांत रमले.

आज ब्लॅटर हर्बेरियममध्ये दीड लाखाच्या वर नमुने आहेत. संशोधक, विद्यार्थी, औषधी वनस्पतींचा अभ्यास करणारे तिथं झाड ओळखायला जातात. त्यातले पाचगणी-महाबळेश्वरचे जुने कागद आपल्या कामाचे आहेत. कारण पठारावर आज काय उगवतं आणि तेव्हा काय उगवत होतं याची तुलना दुसऱ्या कशानंही होणार नाही. तेव्हा घोड्यांच्या टापा आणि गाड्यांची चाकं आजच्याएवढी नव्हती, घाणेरीचं रान एवढं पसरलं नव्हतं. पाचगणीची ओळख झालेला सिल्व्हर ओक तर मुळात ऑस्ट्रेलियाचा. आपलं म्हणून जे होतं ते काय, हे त्या कपाटात आहे.

आता आपल्या गावांकडं वळतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. मी आसपासच्या काही गावांत ही वही बघितली. एका ठिकाणी झाडांची यादी होती, मराठी नावं होती, बस. एका गावात तर शेजारच्या गावाच्या वहीतली यादी जशीच्या तशी उतरवलेली, ज्यात आमच्या पट्ट्यात न येणारी झाडंसुद्धा होती! अशा वहीत ब्राह्मी लिहिलं तर कुठली ब्राह्मी समजायची? नोंदीमागं एक वाळवलेला कागद असता तर प्रश्नच मिटला असता.

करायला फार पैसा लागत नाही. जुनी वर्तमानपत्रं, दोन फळ्या, एक पट्टा, जाड कागद, सुई-दोरा आणि डांबरगोळ्या. विषारी द्रावणाच्या वाटेला शाळांनी जाऊच नये. मोबाईलवर आधी उभ्या झाडाचा, फुलाचा, पानाच्या मागच्या बाजूचा फोटो काढायचा, म्हणजे रंगाची नोंद आपोआप झाली. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना रानभाज्या जेवढ्या ठाऊक असतात तेवढ्या कुणाला नसतात, त्यांना विचारून गावातलं नाव लिहायचं, आणि चिठ्ठीवर सांगणाऱ्या आजीचंही नाव घालायचं, अर्थात तिला विचारून. शास्त्रीय नावासाठी जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या सरांना गाठायचं. सुरुवात बांधावरच्या आणि पडीतल्या नेहमीच्या झाडांपासून करावी: टाकळा, कुर्डू, आघाडा, माका नि तांदुळजा. यांचे नमुने घेतल्यानं काही बिघडत नाही.

पठारावरचं आणि राखीव रानातलं काहीही मात्र उपटू नये. तिथं वनखात्याची परवानगी लागते, आणि कंदाची दुर्मीळ झाडं एका शाळेच्या सहलीत संपू शकतात. त्यांचा फोटोच घ्यावा. नवीन नमुने वाळवायला सप्टेंबरची उघडीप बरी, गवतं कणसावर आलेली असतात आणि ऊनही मिळतं.